चिकातलं लोखंड

घरी मी सांगितलं, सरांच्या कामाला कोल्हापूरला जाते आहे. शेजारच्या काकूंना सांगितलं, अंबाबाईला जाते आहे. दोन्ही अर्धंमुर्धं खरं होतं. पूर्ण खरं असं, की रशीद शिकलगारचं काम कुठे चुकलं आहे का ते मला स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचं होतं, आणि ते चुकलेलं निघावं अशी माझी मनापासून इच्छा होती. प्रवासाला निघताना माणसानं असलं काही मनात धरू नये. पण मी धरलं होतं, आणि त्या तीन दिवसांची हकीकत लिहायची तर तिथूनच सुरुवात करायला हवी.

ही ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. रशीद आणि मी पुण्यात एकाच सरांच्या हाताखाली शिकलो. विषयही एकच, गाईच्या दुधातलं लोखंड धरून ठेवणारं प्रथिन. दूध फाटल्यावर जे हिरवट पाणी आपण ओतून देतो, त्यात हे प्रथिन अगदी थोडं असतं. त्याचं नाव लॅक्टोफेरिन. गाय व्याल्यावरच्या चिकात ते पुष्कळ जास्त. दुधातलं लोखंड ते स्वतःपाशी पकडून ठेवतं, म्हणजे जंतूंना ते मिळत नाही. आणि लोखंड धरलं की ते लाल होतं. पांढऱ्याशुभ्र दुधातून लाल वस्तू निघते हे ज्यानं पाहिलेलं नाही त्याला सांगून पटत नाही. त्याची रचना तेव्हा कुणी पाहिलेली नव्हती. अंदाज एवढाच, की एकच लांब साखळी घड्या पडून तिचे दोन सारखे भाग होतात, जोडून धरलेल्या दोन मुठींसारखे, आणि प्रत्येक मुठीत लोखंडाचा एकेक अणू बसतो.

वडील गेले तेव्हा रशीद कोल्हापूरला परतला आणि तिथल्या एका कॉलेजात शिकवायला लागला. मी पुण्यातच राहिले. माझ्याकडे थंड खोली होती, परदेशी यंत्र होतं, खालच्या मजल्यावर ग्रंथालय होतं. त्याच्याकडे यातलं काहीच नव्हतं. आणि तरी सरांना पत्र आलं ते त्याचं. जेल म्हणजे घट्ट जेलीची पातळ वडी; तिच्यातून विजेच्या जोरावर प्रथिनं पळवली की प्रत्येकाचा आपापल्या जागी एक पट्टा उमटतो. कागलजवळच्या एका घरातल्या दोन गाईंच्या चिकात त्याला या प्रथिनाचा वेगळाच पट्टा दिसला होता. त्या दोघी आई आणि लेक होत्या. म्हणजे हा फरक रक्तातून, वंशानं उतरलेला. सरांनी ते पत्र चहाच्या वेळी सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. माझ्या कपातला चहा कडू झाला.

परदेशातल्या प्रयोगशाळेत दोन वर्षांसाठी एकाच माणसाचं नाव सरांना सुचवायचं होतं. ते मला म्हणाले, "वसुधा, एकदा जाऊन ये. बघून ये, आणि मला सांग." मी दुसऱ्याच दिवशी तिकीट काढलं.

एक गोष्ट मी सरांना सांगितली नाही. रशीदनं मलाही वेगळं पत्र पाठवलं होतं. युरिया घातलेल्या जेलमध्ये ही लोखंडवाली प्रथिनं कशी पळतात यावर तुमच्या ग्रंथालयात काही असेल तर प्रती काढून पाठव, असं त्यात होतं. होतं ग्रंथालयात. मी ते वाचलंही होतं. पत्र माझ्या फायलीच्या तळाशी होतं.

कोल्हापूर, पहिला दिवस

रशीद स्टँडवर घ्यायला आला होता. "काय गं, लय वाळलीस की. पुण्यात जेवायला घालत न्हाईत काय?" एवढ्या मोठ्यानं, की पलीकडच्या फलाटावरच्या बायकांनीही माझ्याकडे निरखून पाहिलं. पुण्यात पाच वर्षं राहून त्याच्या बोलण्यावर काडीचाही परिणाम झाला नव्हता. तिथेही तो असाच बोलायचा आणि सरांना ते आवडायचं. मी शुद्ध बोलायचे, त्याचं कुणाला काही वाटलं नाही.

स्कूटरवरून त्यानं मला आधी गंगावेशीत नेलं. तिथे पहाटे-संध्याकाळी म्हशी रस्त्याच्या कडेला उभ्या असतात आणि गिऱ्हाईकासमोर धार काढून पेला हातात देतात. आमच्याकडे दूध केंद्रावरून बाटलीत येतं, वर चांदीसारखं टोपण. म्हैस कुठे असते याचा कुणी विचार करत नाही. इथे पेला गरम लागतो तो म्हशीच्या अंगानं. मी एक घोट घेतला, फेस नाकात गेला आणि शिंक आली ती थेट रशीदच्या शर्टावर. दूधवाला म्हणाला, "पावणं, दमानं. म्हस काय पळून जात न्हाय." सगळा कट्टा हसला. रशीदनं तोच शर्ट तसाच घालून दिवस काढला.

"सगळं गाव म्हशीचं," तो म्हणाला. "आणि माझा विषय गाय. नमुना गोळा करायचा म्हणजे तालुका पालथा घालायला लागतो."

त्याची प्रयोगशाळा म्हणजे कॉलेजच्या मागची कोठीची खोली. थंड खोलीऐवजी बर्फाची लाकडी पेटी. युरिया खताच्या दुकानातला, घरी दोनदा विरघळवून स्वच्छ स्फटिक केलेला. आणि थेंब मोजून नळ्यांत टाकणारं जे यंत्र, ज्याचा सुटा भाग येईना म्हणून माझं पुण्यातलं काम सहा महिने बंद होतं, ते त्यानं ग्रामोफोनच्या मोटरीवर बसवलं होतं. वर फिरती तबकडी. ती त्याच्या थोरल्या भावानं, इब्राहिमनं, शिरोलीच्या फौंड्रीत ॲल्युमिनियमची ओतून दिली होती. ती हळूहळू फिरत होती आणि एकेका नळीत थेंब पडत होते. मी पाहत उभी राहिले. खरं सांगायचं तर त्या तबकडीला लाथ घालावी असं मला वाटलं.

"लोखंडाची का नाही केली?" मी विचारलं. "फौंड्रीत लोखंडच असतं ना?"

"येडी का काय? लोखंडाचा कण इथं चालत न्हाय. बाटल्या मी आम्लानं तीनदा धुतो. इब्राहिमभाईला तर उंबऱ्याच्या आत घेत न्हाय. कपड्यावर भट्टीची धूळ असती."

मग त्यानं काचेची नळी दाखवली. नळीतल्या पांढऱ्या थराच्या मधोमध बोटभर जागेत लाल रंग उतरत होता. डाळिंबाच्या दाण्याचा असतो तसा. दोन वर्षं मी ज्यासाठी थंड खोलीत कुडकुडले तो रंग. माझ्या नळीतून आजवर चहाच्या चोथ्यासारखं काहीतरी निघत आलं होतं. "छान आहे," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला.

नंतर जेल. कसबा बावड्याकडच्या गाईंचे नमुने ओळीनं होते, प्रत्येकाचा एक ठळक पट्टा. आणि शेवटचे दोन रकाने कागलचे. त्यांत तो पट्टा होताच, पण त्याच्या पुढे आणखी एक, बारीक आणि स्वच्छ. "ही हरणी, आई. ही बिजली, तिची लेक," रशीद बोट ठेवून म्हणाला. "बिजली काल पुन्हा व्याली. कालवड झाली. आता तीन पिढ्या झाल्या, वसुधा." मी चूक शोधायला आले होते, त्या जेलवर वाकून वाकून पाहिलं. चूक दिसली नाही.

रात्रीचं जेवण त्याच्या घरी. अम्मींनी काही विचारलं नाही, पण मी बसल्यावर दिसलं की माझ्यासाठीचं पिठलं, वांग्याची भाजी आणि भाकरी नव्या भांड्यांत, वेगळ्या चुलीवर झाली होती. "तुमच्यात चालत नसेल म्हणून, बेटा. भांडी आजच आणली, बाजारातून." त्यांनी सहज सांगितलं, उपकार म्हणून नव्हे. मला आठवलं, रशीद पुण्यात आमच्याकडे यायचा तेव्हा आई त्याला चहा द्यायची तो कान तुटलेल्या कपात, आणि तो कप मोरीच्या फळीवर वेगळा असायचा. रशीदला ते माहीत होतं. त्यानं कधी काही म्हटलं नाही. वेगळी भांडी दोन्हीकडे होती, पण आमचा कप आणि ही पातेली यांत किती अंतर होतं ते मला त्या पाटावर बसून कळलं. मला त्याच्या आईचाही हेवा वाटला. मग मी मुद्दाम त्याच्यापुढचा तांबडा रस्सा मागून घेतला आणि घोटाबरोबर डोळ्यांतून धारा लागल्या. त्यांना वाटलं तिखटानं.

कागल, दुसरा दिवस

महामार्गावरून कागलकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस, आणि कारखान्याकडे निघालेल्या बैलगाड्यांची रांग. आमची स्कूटर त्या रांगेमागे बराच वेळ कूर्मगतीनं गेली. एका गाडीवरून बाईनं उसाचं कांडं माझ्या हातात दिलं, ओळख ना पाळख. मी ते मांडीवर धरून बसले. सोलायला सुरी नव्हती, आणि दातांनी सोलायची मला सवय नव्हती. रशीदनं एका हातानं स्कूटर धरून दुसऱ्या हातानं ते घेतलं आणि दातांनी सोलून परत दिलं.

हिराआक्काचं घर वस्तीच्या टोकाला. आक्का सत्तरीची, काटक, कपाळावर मोठं कुंकू. मुलगा कारखान्यात कामाला, सून माहेरी गेलेली. रशीदला ती मास्तर म्हणायची. तो नेहमीप्रमाणे बाहेर सोप्यावरच्या बाकड्यावर बसला. गाय व्याली की पहाटेचा चीक आक्का त्याच्यासाठी घरात ठेवायची आणि कॉलेज सुटल्यावर दुपारी तो आला की आतूनच गाळून, बाटली भरून आणून द्यायची. वर्षभर हाच रिवाज होता. घराच्या आत जायचं त्याला कधी कारण पडलं नव्हतं.

मी मात्र बाई. मला तिनं सरळ गोठ्यात नेलं.

बिजली खिलार होती, पांढरीशुभ्र, डोळ्यांत काजळ घातल्यासारखी. पायाशी दोन दिवसांची कालवड थरथरत उभी होती. हिच्या रक्तात रशीदचं परदेश होतं. मी किती गाई पाहिल्या, किती चीक आणला, माझ्या वाट्याला असली एक गाय का आली नाही? मी तिथे उभी राहिले आणि हलले नाही. आक्काची वैरण टाकून झाली, शेणाचा पो उचलून झाला, तरी मी गाईकडे पाहतच होते.

"चला बाई, आत," ती जरा तुटकपणे म्हणाली.

स्वयंपाकघरात परातीत पाणी होतं आणि पाण्यात चिकाची चरवी, वर ओलं फडकं. आक्कानं फडकं बाजूला केलं, कोनाड्यातून काहीतरी उचललं आणि चरवीत सोडलं. तळाशी खण्ण झालं.

"हे काय टाकलंत, आक्का?"

"खिळा. घोड्याच्या नालाचा हाय. घरातलं दूध भाईर जाणार आसलं की लोखंड टाकायचं. दिष्ट लागत न्हाय. सासूबाईंनी सांगिटलेलं. तिला तिच्या सासूनं."

मी चरवी कलती करून पाहिलं. तळाशी दोन खिळे उघडे पडले, गंजलेले.

"रोज टाकता?"

"घरात खायचं त्याला कशाला? मास्तरांचं भाईर जातंय, म्हणून त्यात. पहाटं टाकायचा, बाटली भरताना काढून ठेवायचा."

"पण मग हे दोन कसे?"

 ती चरवीवर फडकं घालता घालता म्हणाली, "एक रोजचा. बाई, राग मानू नका. तुमी गाईकडं लय येळ बघत हुता."

माझे कान तापले.   म्हातारीनं बरोबर पाहिलं होतं.

तिनं पुढे ठेवलेला खरवस मी खाल्ला, वेलदोडा घातलेला, गुळाचा. दुसरा घास तोंडात असताना मला सगळं उलगडलं. लोखंड धरलेलं प्रथिन युरियात उलगडत नाही, घट्ट राहतं आणि जेलमध्ये पुढे पळतं. लोखंड नसलेलं उलगडतं आणि मागे राहतं. ग्रंथालयात मी हेच वाचलं होतं. गाईच्या दुधातल्या या प्रथिनाच्या मुठी बऱ्याचशा रिकाम्याच असतात. गंजलेला खिळा पहाटेपासून दुपारपर्यंत त्यात बुडून राहिला तर त्यातल्या काही भरणार. रशीदचा पुढचा पट्टा म्हणजे हा खिळा. बावड्याच्या गाईंची धार सरळ बाटलीत पडायची, म्हणून तिथे तो नव्हता. हरणी आणि बिजली आई-लेक होत्या खऱ्या, पण हा वारसा त्यांचा नव्हता. तो सासूकडून सुनेकडे आला होता.

सोप्यावर रशीद आक्काशी उसाच्या भावावर गप्पा मारत बसला होता. जेवण झालं, चार वाजता आक्कानं बाटली आणून दिली. स्कूटरवर मी त्याच्या मागे बसले, बाटली माझ्याच मांडीवर.

सांगायचं राहून गेलं असं मी म्हणणार नाही. मी सांगितलं नाही. पुढच्या महिन्यात तो हा निबंध मोठ्या परिषदेत वाचणार होता. कुणीतरी उठून विचारेल, "सगळे नमुने आधी लोखंडानं भरून घेऊन पाहिलेत का?" तसं केलं की वेगळा पट्टा उरतच नाही, आणि तिसऱ्या रांगेत मी बसलेली असेन. कागलपासून कोल्हापूरपर्यंत मी हेच चित्र पुन्हा पुन्हा रंगवत आले. त्यात मला फार सुख वाटलं. एवढं सुख त्या दोन वर्षांत मला कशानंच झालं नव्हतं.

शिरोली, तिसरा दिवस

माझी परतीची गाडी संध्याकाळची. रशीद म्हणाला, चल, इब्राहिमभाईला भेटून घे, तबकडी करणारा माणूस तू बघितला न्हाईस. शिरोलीला कारखान्यांच्या वसाहतीत शिरलं की हवेतच जळक्या वाळूचा वास. इब्राहिमभाई भट्टीपासून लांब, टपरीवर भेटायला आले, भुवयांपर्यंत काळे. धाकट्या भावाबद्दल बोलताना त्यांचा हात आपोआप त्याच्या पाठीवर जायचा, मग कपडे खराब होतील म्हणून थांबायचा. "आमच्या घरात सगळी लोखंडातली माणसं, बाई," ते म्हणाले. "आजा सुऱ्यांना धार लावायचा. मी भट्टीवर. हा पन लोखंडच शोधतोय, पर दुधात." ते हसले आणि कामावर परत गेले.

चहा पिताना रशीदनं खिशातून औषधाची असते तशी छोटी बाटली काढली. तळाला चिमूटभर लाल पूड होती.

"घे. शुद्ध हाय. बावड्याच्या गाईचं."

"किती महिन्यांचं?"

"पावसाळ्यापासनंचं. सगळं. तुझं यंत्र बंद हाय म्हणून सर म्हणत होते. यावर तुझी रचनेची मोजमापं होतील की. मला काय, परत काढीन."

मी बाटली हातात घेतली. टपरीवाल्याचा स्टोव्ह भसाभसा आवाज करत होता. त्यानं ती बाटली दिली नसती तर मी आज कुठे असते कोण जाणे. मी चांगली माणूस आहे म्हणून बोलले असं नाही. ती पूड हातात धरून गप्प बसणं मला जमेना, इतकंच.

"रशीद, आक्का चरवीत खिळा टाकते."

त्याला कळायला वेळ लागला. मी सगळं सांगितलं. खिळा, दृष्ट, पहाट ते दुपार, युरियात काय होतं. फक्त एक गोष्ट मी गाळली. एकच खिळा सांगितला.

 तो म्हणाला, "कवा बघितलंस?"

"काल. दुपारी."

"आणि आत्ता सांगतीस."

मी बाटलीचं बूच उगाच घट्ट केलं.

"युरियाबद्दल मी तुला पत्रात विचारलं होतं."

"पत्र मिळालं होतं."

त्यानं कप खाली ठेवला. ओरडेल असं वाटलं. कोल्हापूरचा माणूस साध्या गोष्टीलाही ओरडतो, म्हणून त्याचं गप्प बसणं मला फार लागलं. स्कूटरला किक मारून तो एवढंच म्हणाला, "बस मागं."

आम्ही पुन्हा कागलला गेलो.  हिराआक्काला त्यानं सोप्यावरूनच विचारलं आणि तिनं सरळ हो म्हटलं. तिला त्यात लपवण्यासारखं काही वाटत नव्हतं.

"आक्का, उद्यापासनं माझ्या चिकात खिळा नको."

"ते जमायचं न्हाय, मास्तर. लोखंडाबिगर ह्या घरातलं दूध भाईर जात न्हाय. तुमाला दूध नको आसंल तर ऱ्हाऊ दे."

मी असते तर वाद घातला असता. प्रथिनं, अणू, अंधश्रद्धा, सगळं काढलं असतं. रशीद बाकड्यावर बसला आणि थोडा विचार करून म्हणाला, "लोखंड आतच पडलं पायजे, असं सासूबाई बोलल्या होत्या का?"

आक्कानं कपाळाला आठ्या घातल्या. "आत का भाईर, असं काय बोलल्या न्हाईत. लोखंड संगट पायजे."

"मग धार सरळ माझ्या बाटलीत काढा, आणि खिळा बाटलीच्या गळ्याला भाईरनं बांधा. चालंल?"

तिनं आतून काळा दोरा आणला. रशीदनं झोळीतली धुतलेली रिकामी बाटली काढून दिली, आणि आक्कानं तिच्या गळ्याला खिळा बांधून दोनदा ओढून पाहिला. मग माझ्याकडे बघून तिनं दोऱ्याला तिसरी गाठ मारली. रशीदचं लक्ष नव्हतं.

स्टँडवर त्यानं माझी पिशवी वर चढवून दिली. लाल पुडीची बाटली मी परत करायला लागले तर म्हणाला, "दिली ती दिली." गाडी सुटली तरी तो हात हलवत नव्हता. उभा मात्र होता.

परतल्यावर

मी सरांना काय सांगावं याची वाटेत तयारी केली होती. तिचा काही उपयोग झाला नाही, कारण सरांकडे जायला मी दोन दिवस टाळाटाळ केली आणि तेवढ्यात रशीदचं पत्र त्यांच्या टेबलावर पोचलं. आपला पट्टा वंशाचा नसून खिळ्याचा असावा, वसुधानं ते पकडलं, मी परिषदेतून निबंध मागे घेतो आहे, असं त्यात सरळ लिहिलं होतं. एक दिवस उशिरा सांगितलं हे लिहिलं नव्हतं. सरांनी तेही पत्र चहाच्या वेळी मोठ्यानं वाचलं. वाचून झाल्यावर चष्मा पुसला आणि म्हणाले, "आपली चूक अशी लिहिणारा माणूस कुठेही पाठवता येतो." परदेशासाठी त्यांनी त्याचंच नाव दिलं. माझ्या कपातला चहा पुन्हा कडू झाला. बरोबर कामाचा हेवा वाटणं मी समजू शकत होते. आता मला त्याच्या चुकीचाही हेवा वाटत होता.

पुढे काही महिन्यांनी त्याचं पाकीट आलं. आत जेलचा फोटो, प्रत्येक रकान्याखाली पेन्सिलनं नाव. गळ्याला खिळा बांधलेल्या बाटल्यांतल्या चिकाचा एकच पट्टा होता, बावड्यासारखाच. जुन्या नमुन्यांत पुढचा बारीक पट्टा. आणि एका रकान्यात तो पुढचा पट्टा इतका जाड, की मागचा जवळजवळ दिसेना. खाली लिहिलं होतं, "बिजली. वसुधा आली तो दिवस."

सोबत चार ओळी होत्या. "बाकी सगळं जुळतं. फक्त त्या दिवशी लोखंड नेहमीपेक्षा एवढं जास्त कसं, ते कळत न्हाय. आक्काला विचारलं तर नुसती हसते. तू आत होतीस. तुला काय माहीत हाय का?"

मी उलट टपालानं लिहिलं, "गाय नुकती व्यालेली होती, त्यामुळे असेल." एवढं सुबक खोटं मी त्याआधी कधी लिहिलं नव्हतं. त्यानं ते मानलं, कारण मी सांगितलं होतं.

तो फोटो माझ्या टेबलाच्या काचेखाली आहे. त्यानं दिलेल्या पुडीवर माझी पीएच.डी. झाली, आभाराच्या पानावर त्याचं नाव आहे. रशीदला परदेशातून परतून बराच काळ झाला, आणि माझं कुठे काही छापून आलं की तो शोधून वाचतो. तेव्हा हेही त्याच्या हाती पडेल. रशीद, त्या दिवशी चरवीत दोन खिळे होते. रोजचा एक, आणि दुसरा मी गोठ्यातून आत आल्यावर आक्कानं माझ्यादेखत टाकला होता.